घरच्या घरी बासरी: पांढरी पाचची बासरी बनवायची, सुरात आणायची आणि वाजवायची कशी

बासरी बनवायची म्हटलं की पहिली मागणी असते मापांच्या तक्त्याची. तक्ता मी खाली देतोय, पण आधीच सांगतो की नुसत्या तक्त्यावरून बासरी सुरात येत नाही. प्रत्येक बांबूचा पोकळपणा वेगळा, भिंतीची जाडी वेगळी, आणि फुंकणाऱ्याचे ओठ पण वेगळे. त्यामुळे एकाच्या बासरीवरून मापं उचलून दुसऱ्या नळीवर भोकं पाडली की कुठला ना कुठला स्वर घसरतोच. उपाय तसा सोपा आहे, आपल्या नळीचा आवाज आपणच मोजायचा, भोकं मुद्दाम लहान पाडायची आणि कानाने ऐकत ऐकत ती हळूहळू मोठी करायची. हे कसं करायचं ते या लेखात एकेक पायरी घेऊन सांगतोय, आणि प्रत्येक पायरीमागचं ध्वनिशास्त्र पण, कारण ते कळलं की तक्त्यावाचून अडत नाही.

कुठल्या पट्टीची बनवायची

आपण सहा भोकांची आडवी हिंदुस्थानी बासरी घेतोय. पट्टी पांढरी पाच, म्हणजे हार्मोनियमची पाचवी पांढरी पट्टी, ट्यूनरवर (स्वर मोजणाऱ्या अ‍ॅपवर) सा वाजवला की G हे अक्षर दिसेल. ही निवडण्याचं कारण असं की मैफलीत दिसणारी पांढरी तीनची मोठी बासरी नवशिक्याच्या बोटांना झेपत नाही, आणि जत्रेत मिळते तेवढी छोटी बासरी चटकन वाजते खरी पण तिच्या भोकांमध्ये चार-पाच मिलिमीटरची चूक झाली तरी स्वर पार बिघडतो. मधल्या मापात चूक सुधारायला जागा राहते.

आज आपण ज्या लांब बासरीला शास्त्रीय वाद्य म्हणतो ती मैफलीत आणली पन्नालाल घोष (१९११–१९६०) यांनी. साधारण ३२ इंचांची बासरी आणि तिला सातवं भोक ही त्यांची देणगी. ती मोठी बासरी पुढे नक्की बनवा, पण आधी हात बसू दे.

बांबू की पाइप

माझं स्पष्ट मत, पहिली बासरी पाइपची करा. इलेक्ट्रिक वायरिंगसाठी मिळतो तो २० मिमी बाहेरच्या व्यासाचा पीव्हीसी कंड्युट पाइप घ्या, आतून तो साधारण १७ मिमी भरतो. स्वस्त आहे, आतून एकसारखा गोल आहे, चिरत नाही, आणि बिघडला तर दुसरा तुकडा कापता येतो. काही लोक प्लास्टिक म्हटलं की नाक मुरडतात पण आवाजाच्या बाबतीत नळी कशाची आहे याला लोकांना वाटतं तेवढं महत्त्व नाही. जॉन कोल्टमन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९७१ मध्ये चांदी, तांबं आणि लाकूड अशा वेगवेगळ्या पदार्थांच्या पण आतून सारख्या घडणीच्या बासऱ्या लोकांना न दाखवता ऐकवल्या, ऐकणाऱ्यांना आणि वाजवणाऱ्यांनाही फरक ओळखता आला नाही. कारण बासरीत वाजते ती आतली हवा. बांबू स्वतः फारसा थरथरत नाही, तो हवेला आकार देतो. आतली भिंत गुळगुळीत किती, भोकाची कड साफ किती, व्यास किती, यावर सगळं ठरतं. बांबूची बासरी हाताला हलकी लागते, ओठाला बरी वाटते, दिसते सुंदर, आणि ही कारणं बांबू वापरायला पुरेशी आहेत.

बांबू घ्यायचा तर कुठला? आपल्याकडे कोकणात भरपूर होणारा माणगा याला चालत नाही, तो जवळजवळ भरीव असतो, काठीला आणि मांडवाला उत्तम. बासरीला लागतो पातळ भिंतीचा, लांब पेराचा बांबू, आणि तो मुख्यतः आसाम आणि आजूबाजूच्या भागातून येतो. उत्तर प्रदेशातलं पिलीभीत हे बासरीचं जुनं गाव, तिथले कारागीर सुद्धा आसामातल्या सिलचरकडचा बांबूच वापरत आले. दोन गाठींमधलं अंतर, म्हणजे एक पेर, कमीत कमी ६०-६५ सेंमी असेल तर आपली बासरी एकाच पेरात बसते. मध्ये गाठ आली तर ती तापवलेल्या सळईने फोडून आतून घासावी लागते, आणि तिथे थोडा जरी उंचवटा राहिला तरी जवळचे स्वर विचित्र वागतात, म्हणून सुरुवातीला बिनगाठीचाच घ्या.

बांबू निवडताना बघायचं ते असं: आतला व्यास १६ ते १८ मिमी, भिंत २ ते अडीच मिमी, दोन्ही टोकांना व्यासात फार फरक नको, आडवा छेद गोल हवा, आणि वाळलेला हवा. ओला बांबू वाळताना आक्रसतो आणि चिरतो, सुरात आणलेली बासरी महिनाभरात बेसूर होते. ताजा मिळाला तर सावलीत, वारा लागेल अशा जागी आडवा ठेवून निदान वर्षभर वाळवा, उन्हात टाकू नका. तोडायचा तर पावसाळ्यानंतर थंडीत तोडलेला बरा, तेव्हा त्यात साखर-स्टार्च कमी असतो आणि भुंगा कमी लागतो. नळीवर बारीक भोकं आणि पिवळी पावडर दिसली तर ती सरळ बाजूला टाका.

सामान

हॅक्सॉ ब्लेड, ड्रिल मशीन आणि ३ ते १० मिमीचे बिट, बारीक गोल कानस, पॉलिश पेपर १२०, २४० आणि ४०० नंबरचे, मोजपट्टी, जमलं तर व्हर्नियर, मास्किंग टेप, पेन्सिल, बाटलीचं बूच, थोडं मधमाशीचं मेण, जाड सुती किंवा नायलॉनचा दोरा, आणि मोबाइलवर ट्यूनर अ‍ॅप जे हर्ट्झ (सेकंदाला किती कंपनं) आणि सेंट (अर्धस्वराचा शंभरावा भाग) दोन्ही दाखवतं. तानपुऱ्याचं अ‍ॅप पण टाकून ठेवा, शेवटी त्याचीच गरज लागणारे.

बांबूला पारंपरिक पद्धतीत भोकं तापवलेल्या लोखंडी सळईने जाळून पाडतात. ड्रिलने बांबूचे उभे तंतू उचकटतात आणि चीर जाते, सळईने तसं होत नाही, शिवाय कड भाजून कडक होते. पण ही सळई पीव्हीसीला चुकूनही लावू नका, त्याचा धूर विषारी असतो. पाइपला ड्रिलच, आणि घासताना तोंडाला मास्क.

आता थोडं ध्वनिशास्त्र, हे टाळू नका

बासरीच्या एका टोकाला बूच असलं तरी ध्वनीच्या दृष्टीने ती दोन्हीकडून उघडी नळी आहे, कारण फुंकायचं भोक हेच तिचं उघडं टोक. अशा नळीत सगळ्यात खालचा स्वर वाजतो तेव्हा नळीत ध्वनिलहरीची अर्धी लांबी मावते. म्हणून:

लांबी = ध्वनीचा वेग ÷ (२ × कंपनसंख्या)

ध्वनीचा हवेतला वेग शून्य अंश तापमानाला सेकंदाला ३३१.३ मीटर, आणि प्रत्येक अंशाला ०.६०६ मीटरने वाढतो. २७ अंशाला तो ३४७.७ होतो. आपल्या बासरीची सगळी भोकं बंद केली की मंद्र पंचम, म्हणजे खालच्या सप्तकातला प, वाजायला हवा, त्याची कंपनसंख्या २९३.७ हर्ट्झ. गणित केलं की लांबी येते ५९२ मिमी.

पण फुंकायच्या भोकापासून ५९२ मिमीवर नळी कापली तर स्वर बराच खाली लागेल. कारण हवेची लहर नळीच्या तोंडाशी एकदम थांबत नाही, थोडी बाहेर जाऊन परत फिरते. उघड्या टोकाला हा वाढावा नळीच्या त्रिज्येच्या ०.६ पट, म्हणजे आपल्या नळीत ५ मिमी. फुंकायच्या भोकाकडे मात्र तो खूप मोठा, ४० मिमीच्या आसपास, कारण भोक नळीपेक्षा लहान असतं आणि त्यावर ओठ अर्धवट टेकलेला असतो. म्हणजे खरी लांबी ५९२ मधून साधारण ४५ वजा, ५४७ मिमी.

हा ४५ चा आकडा तुमच्यासाठी ४० असेल नाहीतर ५२ असेल, तो तुमच्या भोकावर आणि ओठांवर अवलंबून आहे, आणि तक्त्यांवरून बनवलेल्या बासऱ्या इथेच फसतात. म्हणून आपण तो मोजूनच घ्यायचा.

फुंकायचं भोक आणि बूच

६४० मिमीचा तुकडा कापा. एका टोकापासून ८० मिमीवर फुंकायच्या भोकाचा मध्य खूण करा. बांबू असेल तर गाठीची बाजू या टोकाला ठेवा. टेप लावा, त्यावर खूण करा, आधी ३ मिमीचं भोक पाडा, मग ५, मग ८ असं वाढवत न्या, आणि शेवटी कानशीने लंबगोल करा, नळीच्या लांबीच्या दिशेने ११ मिमी, आडवं १० मिमी. ओठाच्या समोरची कड, जिच्यावर हवा आदळते, ती धारदार आणि स्वच्छ राहिली पाहिजे. तिला बाहेरून पॉलिश पेपर मारून गोल करू नका, आवाज फुसफुसीत होण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच असतं. भोकाची भिंत आतल्या बाजूला किंचित पसरट केली तर आवाज मोकळा होतो, पण अगदी किंचित.

बूच नळीत घट्ट बसेल असं घासून, पॉलिश पेपरने सपाट करून आत सरकवा. बुचाचा आतला पृष्ठभाग फुंकायच्या भोकाच्या मध्यापासून नळीच्या एका व्यासाइतका, म्हणजे १७ मिमी लांब ठेवा. आत्ता चिकटवू नका. या बुचाने वरच्या आणि खालच्या सप्तकाचं नातं जुळवता येतं. बूच आणि भोक यांच्यामधली छोटी पोकळी उंच स्वरांना जास्त खाली ओढते, म्हणून तार सप्तक उतरलेलं वाटलं तर बूच भोकाच्या जवळ सरकवायचं, चढलेलं वाटलं तर लांब न्यायचं. एकदोन मिलिमीटरने फरक पडतो.

आता फुंकून बघा. एकही बोटाचं भोक नाही, नुसती नळी. स्वच्छ स्थिर स्वर येईपर्यंत बाकी काही करू नका, इथे आवाज नीट नसेल तर पुढे तो सुधारत नाही. पाच मिनिटं फुंकून नळी गरम होऊ द्या आणि मग ट्यूनरवर हर्ट्झ बघा.

समजा भोकाच्या मध्यापासून टोकापर्यंतची लांबी ५६० आहे आणि ट्यूनर २८७.४ दाखवतोय. ३४७.७ भागिले २८७.४ च्या दुप्पट, म्हणजे ०.६०५ मीटर, ६०५ मिमी. त्यातून ५६० वजा केले, ४५ उरले. हा तुमचा वाढावा. हा आकडा नळीवर लिहून ठेवा. फुंकताना नेहमी वाजवता तेवढाच जोर लावा, ट्यूनर बघून ओठ हलवू नका. आपण नकळत काटा मध्यावर आणायला ओठ वळवतो आणि मग मापच खोटं येतं.

यानंतर ५९२ मधून तुमचा वाढावा वजा करून येईल त्याच्या जवळपास नळी कापत या, एका वेळी दोन-तीन मिमी, शेवटी पॉलिश पेपरवर घासून. २९३.७ हर्ट्झपेक्षा ५ ते १० सेंट चढाच ठेवा, कारण सहा भोकं पाडली की बोटांनी बंद केलेल्या भोकांत थोडी जास्तीची हवा राहते आणि पंचम किंचित उतरतो.

बोटांची भोकं

फुंकायच्या भोकाच्या मध्यापासून बोटांच्या भोकाच्या मध्यापर्यंत, आतला व्यास १७, भिंत २ मिमी आणि वाढावा ४५ धरून मी काढलेली मापं ही. कंसातला आकडा भोकाचा अंदाजे शेवटचा व्यास.

पहिलं: २५३ मिमी (साडेआठ)
दुसरं: २९२ मिमी (९)
तिसरं: ३३३ मिमी (९)
चौथं: ३८३ मिमी (८)
पाचवं: ४१३ मिमी (११)
सहावं: ४६० मिमी (७)

तुमचा वाढावा ४५ ऐवजी ५० आला असेल तर सगळ्या खुणा ५ मिमीने फुंकायच्या भोकाकडे सरकवा, ४० आला असेल तर ५ मिमीने लांब. एवढं केलं तरी निम्मं काम झालं.

चौथं आणि पाचवं भोक जवळजवळ का, तर त्यांच्यामध्ये नी ते सा हे अर्धस्वराचं अंतर आहे. आणि पाचवं मोठं, सहावं लहान का, तर भोक लहान केलं की स्वर उतरतो, म्हणजे लहान भोक फुंकायच्या भोकाच्या जास्त जवळ पाडूनही तोच स्वर मिळतो. सहावं भोक पण ९ मिमीचं ठेवलं असतं तर ते आणखी खाली गेलं असतं आणि अनामिका तिथे पोचायला ताणावी लागली असती. थोडक्यात, भोकाची जागा बोटांच्या सोयीने आणि व्यास स्वराच्या सोयीने ठरवायचा. हा एक नियम समजला की कुठल्याही पट्टीची बासरी तुम्ही आखू शकता.

सगळी भोकं एका सरळ रेषेत यायला नळी टेबलावर ठेवून एका जाड पुस्तकाच्या कडेने पेन्सिलची रेघ मारा. सहावं भोक रेघेपासून थोडं अनामिकेच्या बाजूला सरकवलं तरी चालतं, स्वर बदलत नाही, कारण नळीच्या लांबीवरची जागा तीच राहते.

पाचवं सोडून सगळी भोकं सुरुवातीला ६ मिमीचीच पाडा, पाचवं ८ मिमीचं. बांबूत ड्रिल वापरत असाल तर आत बसेल अशी लाकडी काठी घालून मग ड्रिल चालवा, म्हणजे बिट पलीकडच्या भिंतीला लागत नाही आणि आतले तंतू उचकटत नाहीत.

सुरात आणणं

इथे घाई करू नका, एका बैठकीत संपवायचं हे काम नाही. कान दमला की सगळंच बरोबर वाटायला लागतं.

आधी कुठला स्वर किती हर्ट्झला हवा ते बघू. ट्यूनर अ‍ॅप हार्मोनियम-कीबोर्डचे समान अंतराचे स्वर दाखवतं, तानपुऱ्याशी जुळणारे स्वर त्याहून थोडे वेगळे असतात. सा ३९२ धरून:

सगळी बंद, मंद्र प: कीबोर्डवर २९३.७, तानपुऱ्याशी २९४.०
सहावं उघडं, मंद्र ध: ३२९.६ आणि ३२६.७
पाचवं-सहावं उघडं, मंद्र नी: ३७०.० आणि ३६७.५
वरची तीन बंद, सा: ३९२
वरची दोन बंद, रे: ४४०.० आणि ४४१.०
फक्त पहिलं बंद, ग: ४९३.९ आणि ४९०.०
सगळी उघडी, तीव्र म: ५५४.४ आणि ५५१.३

गंधारात १४ सेंटचा फरक आहे आणि तो कानाला स्पष्ट ऐकू येतो. भजनाला हार्मोनियमबरोबर वाजवणार असाल तर कीबोर्डचे आकडे घ्या, तानपुऱ्यावर राग वाजवणार असाल तर दुसरे. मी स्वतः दोन्हींच्या मध्ये पण तानपुऱ्याकडे झुकवून ठेवतो, कारण चढलेला गंधार ओठाने उतरवण्यापेक्षा उतरलेला जरासा वर उचलणं मला सोपं जातं. धैवत रागाप्रमाणे चढा-उतरा लागतो, त्यामुळे तिथे एका आकड्यासाठी अडून बसू नका.

क्रम नेहमी खालून वर. सहाव्यापासून सुरू करायचं आणि पहिल्यावर संपवायचं. कारण खालचं भोक मोठं केलं की वरच्या भोकांचे स्वर पण थोडे चढतात, उलट फारसं होत नाही. सहावं भोक उघडून ध वाजवा, तो उतरलेला येईल, गोल कानस दोन-तीनदा फिरवा, भुसा फुंकून काढा, परत वाजवा. स्वर हव्या त्या जागेच्या ५ सेंट खाली आला की थांबा आणि पाचव्याकडे जा. असं पहिल्यापर्यंत. मग नळी रात्रभर ठेवून द्या आणि दुसऱ्या दिवशी ताज्या कानाने परत खालून वर एक फेरी मारा, तेव्हा ते ५ सेंट भरून काढा.

स्वर थोडासाच वर न्यायचा असेल तर भोक फुंकायच्या भोकाच्या दिशेला घासा, तिथे घासल्याचा परिणाम जास्त होतो. भोक बाहेरून आणखी मोठं करायचं नसेल, बोट नीट बसत नसेल, तर आतली कड तिरकी घासा, त्यानेही स्वर चढतो. आणि चढून गेलाच तर भोकाच्या वरच्या कडेला आतून मेणाचा बारीक थर लावा, स्वर खाली येतो. मेण लावलेली बासरी कमी दर्जाची नसते, उन्हात ठेवली नाही की झालं.

प्रत्येक स्वर त्याच्या वरच्या सप्तकातही तपासा. तार सप्तक सगळीकडेच उतरलं असेल तर बूच हलवा, एखाद-दोन स्वरांतच गडबड असेल तर त्या भोकाशी आत काहीतरी उंचवटा किंवा तंतू राहिलाय का बघा.

तापमानाचं लक्षात ठेवा. दर अंशाला साधारण ३ सेंट स्वर चढतो. थंडीत सकाळी उघड्यावर बासरी उतरलेली वाटते आणि मे महिन्यात दुपारी चढलेली, ती बिघडलेली नसते. म्हणून भोकं कोरायची ती नेहमी नळी श्वासाने गरम केल्यावर आणि शक्यतो २५ ते ३० अंशाच्या खोलीत.

सगळं जुळलं की ४०० नंबरच्या पेपरने बाहेरून हात फिरवा, फुंकायच्या भोकाची कड सोडून. बूच पक्कं करा, त्याच्या बाजूने मेण ओतलं तरी पुरतं. बांबूला आतून-बाहेरून जवसाचं तेल अगदी पातळ लावा, दोन दिवस वाळू द्या, परत एक हात. दोन्ही टोकांना, फुंकायच्या भोकाच्या दोन्ही बाजूंना आणि पहिल्या भोकाच्या वर दोरा घट्ट गुंडाळा. हा दोरा शोभेचा नाही, बांबू उभा चिरतो आणि दोरा ती चीर अडवतो.

वाजवायला बसताना

बासरी उजवीकडे धरा की डावीकडे, आवाजाला फरक पडत नाही, हरिप्रसाद चौरसिया डावीकडे धरतात. उजवीकडे धरणाऱ्याचा डावा हात वरच्या तीन भोकांवर, उजवा खालच्या तीनवर. अंगठे खालून आधाराला. भोकं बोटांच्या टोकाने दाबू नका, बोटं सपाट ठेवून मांसल भागाने झाका. शास्त्रीय वादक भोकं पुढच्या टोकाऐवजी बोटाच्या मधल्या भागानेही झाकतात, त्यामुळे बोट हळूच सरकवून मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, काढता येते. आपल्या संगीतात ही मींडच सगळं काही आहे, म्हणूनच इथे पाश्चात्त्य बासरीसारख्या चाव्या टिकल्या नाहीत.

फुंकताना खालचा ओठ भोकाच्या कडेला टेकवून भोकाचा तिसरा हिस्सा झाका, ओठांमध्ये बारीक फट ठेवा आणि हवा समोरच्या कडेवर सोडा. होतं काय, की हा हवेचा झोत कडेच्या एकदा आत, एकदा बाहेर असा हेलकावतो आणि नळीतल्या लहरीला दर फेरीला ढकलत राहतो, झोपाळ्याला योग्य वेळी झोका द्यावा तसं. ओठापासून कडेपर्यंत झोतातली हालचाल पोचायला लागणारा वेळ स्वराच्या एका कंपनाच्या साधारण निम्मा असावा लागतो. वरच्या सप्तकात कंपनाचा वेळ निम्मा होतो, म्हणून झोतालाही निम्म्या वेळात पोचावं लागतं. त्यासाठी दोन गोष्टी करता येतात, जोर वाढवणं आणि ओठ पुढे आणून अंतर कमी करणं. नवशिके फक्त जोर वाढवतात, मग स्वर चढतो, फुसफुस येते आणि चक्कर येते. ओठ थोडे पुढे घ्या, फट लहान करा, जोर अगदी थोडाच वाढवा.

पहिले काही आठवडे फक्त सा. वरची तीन भोकं बंद, तानपुरा चालू, आणि एका श्वासात जेवढा वेळ स्थिर राहील तेवढा. मग रे, ग वर जा. खाली नी, ध, प सगळ्यात शेवटी, कारण तिथे एक जरी भोक केसभर उघडं राहिलं तरी स्वर फुटतो. स्वर फुटला की जोर वाढवू नका, आधी कुठलं बोट गळतंय ते शोधा, बहुतेक वेळा चौथ्या नाहीतर सहाव्यावरचं असतं.

शुद्ध मध्यम पहिलं भोक अर्धं उघडून येतो आणि हा या बासरीचा सगळ्यात नाजूक स्वर आहे. कोमल रे तिसरं अर्धं उघडून, कोमल ग दुसरं, कोमल नी पाचवं, कोमल ध सहावं. अर्धं म्हणजे नेमकं किती हे बोटाला शिकवावं लागतं, त्यासाठी तानपुऱ्यावर सा-म-सा असा संथ रियाज करा, बोट उचलू नका, गुंडाळल्यासारखं फिरवा. मधला पंचम पुन्हा सगळी बंद करून वरच्या सप्तकात. त्यामुळे तीव्र मध्यमावरून पंचमावर जाताना सगळी बोटं एकदम बसावी लागतात, आणि मध्ये कुठलातरी भलताच स्वर ऐकू येतो. तो घालवण्यासाठी म-प, म-प हेच रोज थोडा वेळ, अगदी हळू.

आवाज जोरदार होण्याच्या मागे लागू नका. सांगीतिक बासरीत फुंकेचा थोडा श्वास ऐकू येतोच आणि तो ऐकू यावा.

सांभाळणं

वाजवून झाल्यावर बारीक गजाला सुती कापड गुंडाळून आतून पुसा. ओली बासरी लगेच पिशवीत बंद केली तर पावसाळ्यात आत बुरशी धरते. बंद गाडीत, गॅसजवळ, पंख्याच्या थेट वाऱ्यात ठेवू नका, बांबू एका बाजूने वाळला की चिरतो. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि थंडी सुरू होताना, तेलाचा पातळ हात द्या आणि तो पूर्ण वाळल्याशिवाय वाजवू नका. बारीक चीर दिसली तर तिच्यात पातळ सुपरग्लू सोडून वर दोरा बांधा, आणि मग सगळी भोकं बंद करून पंचम वाजवून बघा. तो स्वच्छ लागला तर चीर बुजली, नाही लागला तर अजून कुठूनतरी हवा गळतेय, भोकं आणि खालचं टोक बंद ठेवून नळी पाण्यात धरली आणि हळू फुंकलं की बुडबुडे कुठून येतात ते दिसतं.